शून्य जाडीची रेघ

अप्पांचा ‘हो’ पडद्यावर आला तेव्हा त्याच्या डोक्यावर रेघ नव्हती.

‘ह’ होता, शेजारी काना होता, वर मात्रा लटकत होती, पण शब्दाला धरून ठेवणारी शिरोरेषा गायब. हे घडलं मिरजेच्या इस्पितळात, सकाळी साडेदहाला, डॉक्टर गुंजाळांच्या देखत. आणि तो पडदा, त्यावरचं अक्षर, अक्षराची जाडी, रंग, रेघ हे सगळं माझ्या हातचं काम. वडील आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या प्रश्नाला उत्तर देत होते आणि मुलीला त्यात दिसला काय, तर स्वतःच्या कामातला दोष. मला लाज वाटली. ती कशाची वाटायला हवी होती, ते मात्र तेव्हा कळलं नाही.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर माझा झाला तसा तुमचाही गोंधळ होईल.

माझे वडील दिनकर लोंढे. मिरजेत त्यांना दिनकर कुणी म्हणत नाही, ते दिनू पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा धंदा. फ्लेक्स आले तेव्हा तो पार बसला होता. मग प्लास्टिकच्या फ्लेक्सवर बंदी आली आणि साठी ओलांडल्यावर अप्पांना पुन्हा भाव आला. मी त्यांची एकुलती एक मुलगी, वृषाली. मला लहानपणी दमा होता. टर्पेंटाइनच्या वासाने छातीत शिट्ट्या वाजायच्या, म्हणून अप्पांनी मला दुकानात कधी पाऊल टाकू दिलं नाही. स्वतःही घरी आले की आधी अंघोळ करायचे, मग माझ्याशी बोलायचे. त्यांच्या हातची अक्षरं मी गावभर पाहिली, पण अक्षर काढताना त्यांना मी एकदाही पाहिलं नाही. पुढे मीही अक्षरांच्याच धंद्यात पडले, फक्त माझ्या अक्षरांना वास नाही.

जूनमध्ये अप्पांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात आणि पाय लुळा पडला आणि वाचा गेली. ऐकलेलं सगळं कळतं, पण बोलायला गेले की घशातून नुसता ‘त, त’ निघतो. लिहिताही येत नाही, कारण शब्द जुळवणारी जागाच दुखावलेली. मानेने हो-नाही करतात, पण अशा पेशंटची मान भलतीकडेच हलते, म्हणून डॉक्टर ती धरत नाहीत. नशीब एवढंच की अप्पा डावखुरे. त्या हाताने ते जुन्या वर्तमानपत्रांवर दिवसभर ब्रश चालवत बसायचे. शब्द नाहीत, नुसत्या रेघा आणि वेलबुट्टी. पण रेघा अशा सरळ की फिजिओथेरपीच्या मुली ते कागद घरी न्यायच्या.

पुण्यात मी ज्या कंपनीत काम करते ती ‘बोलपाटी’ बनवते. बोलपाटी म्हणजे डोक्याला बांधायचा एक पट्टा आणि कॉम्प्युटरवर चालणारा एक प्रोग्रॅम. आपण बोलायच्या आधी मेंदूत शब्दाची जुळवाजुळव होते. झटक्याने ती वाट बुजली तरी शब्दाचे तुकडे उठत राहतात. पट्टा ते टिपतो आणि प्रोग्रॅम जोडतो. सुरुवातीला त्यात चुका फार व्हायच्या. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की शिकलेल्या माणसाच्या मेंदूत शब्दाचा आवाज उठतो तसं त्याचं लिहिलेलं रूपही उठतं, आणि ती जागा बहुतेक वेळा शाबूत असते. तेव्हापासून पट्ट्यातून दोन धारा येतात, एक शब्दाची आणि एक रूपाची. दोन्ही ताडून पाहिल्या की शब्द अचूक ठरतो. शिवाय रूपाच्या धारेवरून माणूस किती ठामपणे बोलतोय तेही कळतं. खात्री असली की रूप ठसठशीत येतं, नसली की पुसट.

माझं काम इथून पुढे. पडद्यावर अक्षरांची जी ओळ दिसते तिला आमच्याकडे लेबल म्हणतात. साध्या प्रोग्रॅममध्ये लेबलाचा रंग आणि आकार एकदा ठरवला की झालं. बोलपाटीचं लेबल सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगतं आणि दर वेळी रूपाच्या धारेला विचारतं, जाडी किती, रंग कोणता, कलतं काढू की सरळ. आमचा फॉन्ट बनवणाऱ्या मकरंद साठ्येने तर शिरोरेषाही सुटी ठेवली होती. तिची जाडी शून्यापासून शंभरापर्यंत, प्रत्येक अक्षरावर वेगळी. मराठी शब्दाचा जीव वरच्या रेघेत असतो, असं तो म्हणायचा. मला ते त्याचे नखरे वाटायचे.

प्रोग्रॅम रस्ट नावाच्या भाषेत लिहिलेला आहे. रस्ट म्हणजे गंज. नाव असलं, आणि स्वभावाने खाष्ट. लिहिलेलं पटलं नाही तर ती चालवूनच घेत नाही. तिचा एक हट्ट असा की एखादा आकडा येईल की नाही याची खात्री नसेल तर आला तर काय करायचं आणि नाही आला तर काय, हे दोन्ही लिहून द्यावं लागतं. न आलेला आकडा आणि आलेलं शून्य या तिच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी. दुकान बंद असणं वेगळं आणि दुकानदाराने ‘नाही’ म्हणणं वेगळं, तसंच ते. आकडा आलाच नाही तर रेघेची जाडी पन्नास धर, असं मी लिहून ठेवलं होतं.

अप्पांचा आकडा आला होता आणि तो शून्य होता.

आता तो मोठा प्रश्न. डॉक्टर गुंजाळ मेंदूच्या शस्त्रक्रिया करतात. पन्नाशीच्या, सांगलीकडच्या, बोलणं अगदी रोखठोक. त्यांनी मला आणि अप्पांना समोर बसवून सगळं सांगितलं होतं. मेंदूच्या उजव्या बाजूला, बोलण्याच्या जागेच्या बरोबर समोर, एक केसाएवढ्या तारांची जाळी बसवायची. तिला त्या ‘पूल’ म्हणत. डावीकडे अडकलेले शब्द पुलावरून उजवीकडे न्यायचे आणि तिथून जिभेला. दोन महिन्यांत माणूस बोलायला लागतो, स्वतःच्या आवाजात. पण उजव्या बाजूची ती जागा मोकळी पडलेली नसते. तिला लागूनच डावा हात चालवणारी जागा आहे, आणि पूल बसला की त्यातली बरीच जागा त्याला द्यावी लागते. डावा हात मग घास उचलेल, पण ब्रश धरणार नाही. शिवाय झटक्याला सहा महिने होऊन गेले की मेंदू स्वतःची घडी बसवून टाकतो आणि पूल रुजत नाही. नोव्हेंबर अर्धा झाला होता.

थोडक्यात, आवाज की हात.

मला काय हवं होतं ते लपवत नाही. मला आवाज हवा होता. आई गेल्यापासून रोज रात्री आठला अप्पांचा फोन यायचा, आणि पहिला शब्द ‘वृषे’ असायचा. पाच महिने मला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. डावा हात वेलबुट्टी काढतो हे छान होतं, पण वेलबुट्टीशी मी काय बोलणार.

त्या सकाळी डॉक्टरांनी विचारलं, “पेंटर, पूल बसवायचा का?” अप्पांनी डॉक्टरांकडे न बघता माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघत होते. तिथे तो बोडका ‘हो’ आला आणि मी मनातल्या मनात शून्य कुठून आलं ते शोधायला लागले.

तीन दिवस शोधत होते. गंमत अशी की दोष कायमचा नव्हता. ‘चहा’ म्हणाले की रेघ यायची, चांगली जाड. ‘पाणी’, ‘पंखा’, ‘बाहेर’, सगळ्यांना रेघ. ‘उद्या’ला नाही. मी विचारलं बरं वाटतंय का, तर ‘बरा’ आला, तोही बोडका. मी चाळीस शब्दांची यादी केली. एकतीस रेघेचे, नऊ बिनरेघेचे. वाटलं, छोट्या शब्दांना येत नसेल, पण ‘चहा’ छोटाच की. वाटलं, सकाळी पट्टा सैल बसत असेल. मग वाटलं, केसांना लावलेल्या तेलामुळे होत असेल, म्हणून मी अप्पांचं डोकं शाम्पूने धुतलं. त्यांनी ते मुकाट्याने धुऊ दिलं आणि नंतर पडद्यावर जाड रेघेचा ‘पुरे’ आला. मला काही कळेना. प्रोग्रॅम बरोबर, फॉन्ट बरोबर, पट्टा बरोबर, आणि तरी नऊ शब्दांच्या डोक्यावर काही नाही.

अशातच इस्पितळाच्या संमती समितीकडून कागद परत आला. नियम असा होता की पेशंटचा होकार तीन वेगवेगळ्या दिवशी पडद्यावर नोंदवायचा आणि त्याचं चित्र समितीला पाठवायचं. तिथे चित्र वाचायला यंत्रच होतं. त्याने अप्पांच्या ‘हो’वर शेरा मारला होता: अक्षर अपूर्ण, पुन्हा नोंदवा. डॉक्टर गुंजाळांनी मला बाजूला घेऊन विचारलं की हे तुमचंच काम ना, मग किती दिवस लागतील. त्यांच्याकडे शस्त्रक्रियेसाठी एकच दिवस मोकळा होता, पुढच्या आठवड्यातला गुरुवार.

मी साठ्येला फोन लावला. शून्य आलं तरी निदान चाळीसची रेघ काढायची, असं मी सुचवलं. एका ओळीचं काम. साठ्ये म्हणाला की आकडा रिकामा आला असता तर गोष्ट वेगळी होती, पण इथे शून्य आलंय, म्हणजे धारेतून कुणीतरी शून्य पाठवलंय. मी चिडून म्हटलं की कुठला मराठी माणूस डोक्यात बिनरेघेचा शब्द आणतो, एक तरी दाखव. तो म्हणाला, “तुझे वडील आहेत. तुला जास्त माहीत.”

मी ती ओळ लिहिली. रस्टने काही कुरकुर केली नाही. तिच्या दृष्टीने लिहिलेलं बरोबरच होतं, आकडा शून्य असो वा पाच, चाळीसच्या खाली जाऊ द्यायचा नाही. दुपारपर्यंत नवी आवृत्ती सगळीकडे गेली, मिरजेत आणि जिथे जिथे बोलपाटी होती तिथे, दीडशे पेशंटांच्या पडद्यांवर. शुक्रवारी अप्पांना विचारलं. ‘हो’ आला, वर छान सरळ रेघ. शनिवारी तसंच. सोमवारी तसंच. समितीने मान्यता दिली आणि गुरुवार पक्का झाला.

अप्पा मात्र बिघडले. पडदा समोर आणला की तोंड फिरवायचे. पट्टा बांधायला गेलं की डाव्या हाताने माझा हात ढकलायचे. सोमवारी तर कमाल झाली. ‘हो’ आल्यावर त्यांनी खुर्चीच्या पाठीवरचा नॅपकिन ओढला, पुढे झुकले आणि पडद्याचा वरचा भाग घासायला लागले. जोर लावून. त्या एकाच ठिकाणी, अक्षराच्या वर. मी म्हटलं, अप्पा, डाग पडलाय का. त्यांनी ‘त, त’ केलं आणि पुन्हा घासलं. मी पडदा फवारा मारून स्वच्छ पुसून दिला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी असावे. भीती वाटत असेल शस्त्रक्रियेची, असं मी स्वतःला समजावलं. डॉक्टरही तेच म्हणाल्या.

बुधवारी सकाळी मला एक फोन आला. रुक्साना मुजावर म्हणून बाई, त्यांची गुरुवार पेठेत बेकरी आहे. पेंटरांकडे त्यांची पाटी पडून होती, जूनपासून. इतके दिवस विचारणं बरं दिसलं नसतं, पण आता नवीन भट्टीचं काम झालंय, तर दुकान उघडून देता का, आणि पेंटर कसे आहेत. मला इस्पितळातून अर्धा तास बाहेर पडायला निमित्तच हवं होतं. मी किल्ली घेतली, नाकाला मास्क लावला आणि चाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा अप्पांच्या दुकानाचं शटर वर केलं.

वास अजून होता. मी दारातच थांबले. समोर भिंतीला टेकून पाटी उभी होती, गडद हिरव्या रंगावर पिवळी अक्षरं: रुक्साना बेकरी. सुंदर अक्षरं. आणि एकाही अक्षरावर रेघ नव्हती.

माझ्या तोंडून निघालं की ही अर्धवटच राहिली.

“अर्धवट कुठली? लिहून झालीया की सगळी,” रुक्सानाबाई म्हणाल्या. “रेघ तेवढी आमच्यासाठी ठेवलीया.”

त्यांना वाटलं मला हे ठाऊक असणारच, म्हणून त्या आपल्या नादात सांगत राहिल्या. पूर्वी पाटीवर त्यांच्या सासऱ्यांचं नाव होतं. या वेळी स्वतःचं घालावं असं त्यांच्या मनात आलं, पण धीर होत नव्हता. पेंटरांनी अक्षरं काढली, ब्रश डब्यात ठेवला, त्यांना समोर उभं केलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. सगळ्याच गिऱ्हाइकांशी ते असं करतात. रेघ नसली की चुकलेलं अक्षर तेवढं खरवडून दुसरं घालता येतं. रेघ ओढली की शब्द बांधला जातो, मग चुकलं तर सगळी पाटी घासावी लागते. रुक्सानाबाईंनी वाचलं, त्यांना रडू आलं आणि त्यांनी विचार करायला आठ दिवस मागून घेतले. आठ दिवसांच्या आत पेंटरच आजारी पडले.

“आम्ही हो म्हटल्याबिगर ते रेघ ओढत नसतात,” त्या म्हणाल्या. “त्यांनी लिहिलंय, पर ते आमच्याकडं बघत थांबलेत, असं समजायचं.”

मी मास्क काढला. वास छातीत गेला तरी मला काही जाणवलं नाही. नऊ शब्द माझ्या डोळ्यांसमोर आले. ‘उद्या’ म्हणजे उद्या येशील का, तू सांग. ‘बरा’ म्हणजे मी बरा दिसतोय का, तू सांग. आणि ‘हो’. अप्पांनी ‘हो’ लिहिला होता, ब्रश खाली ठेवला होता आणि माझ्याकडे बघत थांबले होते. मी वाचलंच नव्हतं. मी त्यांच्या हातातून ब्रश घेऊन रेघ ओढून टाकली होती, तीन वेळा, आणि ती पुसायला त्यांनी नॅपकिन घेतला तेव्हा मी पडद्यावर फवारा मारला होता.

रुक्सानाबाईंनी विचारलं की काय झालं. मी सांगितलं, काही नाही, पाटी न्या. त्या पाटी उचलून घेऊन गेल्या, बोडकीच. रेघ पेंटरांच्याच हातची हवी म्हणाल्या, कधी का होईना.

रिक्षात बसल्यावर एक विचार आला, आणि तो आला हे कबूल करायला हवं. कुणालाच काही कळलेलं नाही. समितीकडे तीन ‘हो’ आहेत, रेघेसकट. उद्या शस्त्रक्रिया होईल आणि संक्रांतीपर्यंत अप्पा मला ‘वृषे’ म्हणतील. आणि शेवटी ‘हो’ त्यांचाच तर होता, मी फक्त वरची रेघ दिली. मी हे स्वतःला मिशन चौकापर्यंत पटवत राहिले. मग मला जाणवलं की दोन महिन्यांनी बोलता आलं की अप्पा मला काहीच बोलणार नाहीत. रागावणारही नाहीत. डावा हात मांडीवर ठेवून बसतील आणि मला बरं वाटावं म्हणून ‘वृषे’ म्हणतील. मला त्या हाकेची एकदम भीती वाटली.

इस्पितळात पोचल्यावर आधी साठ्येला फोन केला. त्याला पाटीबद्दल सांगितलं. आवृत्ती मागे घ्यायला सांगितली आणि सगळ्या इस्पितळांना कळवायला सांगितलं की या सहा दिवसांत पडद्यावर जो काही होकार दिसला असेल तो पुन्हा विचारा. त्या दीडशेंमध्ये आणखी कुणी शून्य पाठवत होतं का, ते मला माहीत नव्हतं. अजूनही पुरतं माहीत नाही. साठ्येने ‘मी म्हणालो होतो’ असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग डॉक्टर गुंजाळांना बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, कारण पहिल्यांदा त्यांना ते पटेना. एका रेघेवरून एवढं? मी म्हटलं, ते चाळीस वर्षं पाट्या रंगवतात, शब्द त्यांच्या डोक्यात तसाच येतो, आधी अक्षरं आणि शेवटी रेघ. पट्ट्याने ते बरोबर टिपलं होतं, चूक माझी होती. डॉक्टर कपाळाला हात लावून खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या की उद्याचा दिवस गेला तर पुढचा महिनाभर नाही, म्हणजे हा विषयच संपला, तर जे विचारायचं ते आत्ता विचारा.

अप्पा खिडकीशी वर्तमानपत्रावर ब्रश चालवत होते. मी लॅपटॉपवरून ती ओळ पुसली आणि पट्टा पुढे केला. त्यांनी हात ढकलला. मी जमिनीवर बसले, त्यांच्या पायाशी, आणि सांगितलं, “अप्पा, ती रेघ मी ओढली. तुम्ही नाही. मला ठाऊक नव्हतं.”

ब्रश थांबला. बराच वेळ त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डोकं पुढे केलं आणि मी पट्टा बांधला.

डॉक्टरांनी प्रश्न विचारला, तोच. पडद्यावर ‘हो’ आला. बोडका. पडद्याच्या कडेला आकडे दिसत होते, ‘ह’वरही शून्य आणि कान्यावरही. अप्पा माझ्याकडे बघत होते आणि या वेळी मीही त्यांच्याकडे बघत होते. एवढे दिवस तो चेहरा समोर होता. पाटी लिहून झाल्यावर गिऱ्हाइकासमोर उभा राहिलेला माणूस कसा दिसतो ते मला त्या दिवशी कळलं.

“हो,” मी मोठ्याने वाचलं. “अप्पा, हा तुम्ही माझ्यासाठी लिहिलाय. मला तुमचा आवाज हवाय, खूप हवाय, ते खोटं नाही. पण ही पाटी माझी नाही, तुमची आहे. तुम्हाला हवं ते लिहा.”

‘हो’ तसाच राहिला. दहा सेकंद, वीस सेकंद. सेकंदाला साठ वेळा माझं लेबल धारेला विचारत होतं आणि धार तेच सांगत होती. मला वाटलं की ते पुसणार नाहीत, माझ्यासाठी ते हट्टाने तसंच धरून ठेवतील, आणि मग मी काय करणार ते मला खरंच कळत नव्हतं. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. मी अप्पांच्या मांडीवरचा कागद उचलला. वर्तमानपत्राच्या कडेने त्यांनी एक चौकट काढली होती, चारही रेघा एका जाडीच्या, कोपऱ्यात छोटी पानं. मी तो कागद त्यांच्यासमोर धरला आणि म्हटलं, “हे जाईल, अप्पा. कळतंय ना? हे परत येणार नाही.”

पडदा रिकामा झाला. आकडेही गेले. शून्य नाही, काहीच नाही. मग ‘न’ आला आणि त्याच्या पाठोपाठ ‘को’. दोन्ही सुटे, वर काही नाही. अप्पांनी माझ्याकडे बघितलं.

मी वाचलं. पुन्हा एकदा, मोठ्याने वाचलं. मग सांगितलं, “बरोबर आहे. ओढा.”

इतके दिवस मी रेघ आलेली बघितली होती, येताना कधी बघितली नव्हती. ती उजवीकडून आली. डावखुरा माणूस ब्रश ओढतो तशी, आधी ‘को’वर आणि तिथून सलग ‘न’वर. आकडा शंभर.

डॉक्टर गुंजाळांनी विचारलं की हे आता नक्की समजायचं का. मी म्हटलं, हो, आता यातलं एकही अक्षर खरवडता येणार नाही. त्या उठल्या आणि उद्याचं रद्द करायला बाहेर गेल्या. मी अप्पांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडले, मोठ्याने, लहान मुलीसारखी, कारण मला त्यांचा आवाज आता कधीच ऐकू येणार नव्हता. थोड्या वेळाने त्यांचा डावा हात माझ्या डोक्यावर आला. बोटांना रंग लागलेला होता. मी तो हात दोन्ही हातांनी तिथेच धरून ठेवला.